छप्पन किलो

माळ्यावरचं काढायला हिला कधी स्टूल लागलं नाही, म्हणून घरच्यांनी नाव पाडलं शिडी. पुढे बांबूउडीत बारा वर्षं देशोदेशी उडाली, तरी नाव तेच राहिलं.

आता वय चौतीस. आज चार मीटर साठ पार केले तर जागतिक स्पर्धेत जायला मिळणार, नाहीतर कायमचं घरी बसायचं. आणि तिचे बांबू? विमानवाल्यांनी भलत्याच देशी धाडलेले!

"माझा घे की," राणीसरकार म्हणाली. या बाईशी शिडीचं बारा वर्षांचं हाडवैर. "तू छप्पन किलोची ना? मग हा अठ्ठावन्नचा चालेल."

बांबू किती वजन पेलतो ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्याहून जड माणूस लटकला की काडकन दोन तुकडे. आणि शिडी होती त्रेसष्ट किलोची! बारा वर्षांपूर्वी राणीसरकार "पंचावन्न" म्हणाली, म्हणून हिनेही "छप्पन" ठोकून दिलं होतं. तेव्हापासून शिडी आपल्या बांबूंवरचे आकडे चिकटपट्टीखाली झाकत आलेली.

"सांगून टाक," थोरली बहीण कानाशी पुटपुटली. शिडीची प्रशिक्षकही तीच.

"ताई, मेले तरी सांगणार नाही."

"त्या बांबूवर उडालीस तर मरशीलच, बये."

पंचांनी शिडीचा नंबर पुकारला. घड्याळ सुरू झालं. घरी बसायच्या विचाराने शिडीला रडूच कोसळलं.

"त्रेसष्ट!" ती ओरडली. "त्रेसष्ट किलो आहे मी! हस आता पोट धरून!"

राणीसरकार हसली नाही. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. तिने आपला लाडका बांबू उचलला आणि त्याच्यावरची चिकटपट्टी खरवडून काढली. खाली आकडा होता एकोणसत्तर.

"अगं बाई!" शिडी म्हणाली.

"आधी पळ, भवाने. वेळ संपतोय."

शिडी पळाली. बांबू वाकला, पण मोडला नाही. दांडी जराशी थरथरली आणि जागच्या जागी राहिली. गादीवर पडल्या पडल्या शिडीने हंबरडा फोडला. बारा वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

बांबू परत न्यायला राणीसरकार आली.

"बाहेर बोललीस तर याद राख."

"छे गं," शिडी डोळे पुसत म्हणाली. "पंचावन्न किलोच्या बाईला कोण घाबरतंय?"