लाँड्रीवरची चेटकीण

लाँड्रीच्या वरच्या खोलीत पत्ते टाकून भविष्य सांगणाऱ्या बाईनं पाटीवर स्वतःच ‘चेटकीण’ असं रंगवून घेतलं होतं. हल्ली त्या शब्दाला कोणी भीत नाही, उलट गंमत वाटून लोक जिना चढतात, असा तिचा होरा होता आणि तो खराही ठरला. कॉलेजातल्या मुली यायच्या, प्रेमात तोंडघशी पडलेले कारकून यायचे. काळा झगा चढवून, मेणबत्ती लावून ती समोरच्याचंच बोलणं त्याला गोड करून परत द्यायची. कुणाचं वाईट मात्र चिंतायचं नाही, एवढं पथ्य तिनं पाळलं होतं.

एका दुपारी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आला. बरोबर त्याची वहिनी होती. थोरला भाऊ वारल्यापासून ती या दिराच्याच घरी राहायची. तिला स्टुलावर बसवून त्यानं दार लोटलं आणि दाराला पाठ लावूनच बोलायला सुरुवात केली.

"माझ्या बायकोचं पोट पुन्हा पडलं. डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी. कुणी काही केल्याशिवाय होतं का? तुम्ही फक्त नाव सांगा."

"आणि सांगितलं तर?"

"ते आम्ही घरचे बघून घेऊ. धाकटे भाऊ खाली गाडीत बसलेत."

वहिनी मान खाली घालून बसली होती. तिच्या मनगटावर बोटांचे काळेनिळे वळ होते. बाईची नजर त्यांवर गेली. तिनं पत्ते गोळा करून बाजूला ठेवले.

"हे बघा, मला यातलं काही येत नाही. पत्ते दुकानातले आहेत, पाटी धंद्यासाठी आहे. तुमच्या वहिनींनी काही केलेलं नाही, कारण असं काही कुणाला करताच येत नाही."

तो किंचित हसला. "म्हणजे ही तुम्हालाही भारी पडली तर. घाबरलात तुम्ही हिला."

बाईला कळलं, काहीही बोललं तरी ते त्या बिचारीच्याच माथी बसणार होतं. दार तो अडवून उभा होता. त्यानं वहिनीचा दंड धरून तिला उठवलं.

"चला वहिनी. दुसरीकडे विचारू."

"हात सोड तिचा," बाई म्हणाली. आपण अरे-तुरेवर कधी आलो, हे तिचं तिलाच कळलं नाही. ती उठून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हिच्या अंगाला ज्यानं हात लावला, त्याच्या घरात पाळणा हलणार नाही. हे मी म्हणतेय. आणि मी कोण, ते तू खाली वाचूनच वर आलायस."

त्यानं दंड सोडला. चेहऱ्याचा रंगच उतरला.

"ताई, मागे घ्या हो. माझ्या बायकोची काय चूक यात?"

शब्द मागे घ्यावेत असं तिला फार वाटलं. पण ते तिनं घेतले नाहीत. ती म्हणाली, "भावांना घेऊन निघून जा. ही तुमच्या घरी परत येणार नाही."

तो धडपडत जिना उतरला. गाडी निघून गेल्याचा आवाज ऐकूनच तिनं कडी लावली आणि पोलिसांना फोन केला. मग पाण्याचा ग्लास भरून वहिनीपुढे धरला.

"आता भिऊ नका. मी बोलले ते सगळं खोटं होतं."

वहिनी भिंतीला चिकटून उभी राहिली. ग्लासला तिनं हात लावला नाही. "मला काही करू नका," ती पुटपुटली. "मी कुणाला काही सांगणार नाही."

पोलीसबाई येईपर्यंत ती तशीच उभी होती. तिला तिच्या बहिणीकडे पोचवायचं ठरलं. निघताना पत्तेवालीनं लांबूनच विचारलं, "तुमच्या जावेचा नंबर देता का?" वहिनीनं पोलीसबाईंच्या आडून घाबरत घाबरत तो सांगितला.

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. लाँड्रीवरून बोलतेय, असं पत्तेवालीनं सांगितलं.

"अगं, मला काही येत नाही. तुझ्या नवऱ्याला नुसती भीती घातली मी. शाप वगैरे काही नसतं."

"ह्यांनी आल्या आल्या शापाचं सांगितलं, मग बोललेच नाहीत कुणाशी," ती मुलगी म्हणाली. आवाज रडून बसला होता. "मागे घेतलंत का तुम्ही? तेवढंच सांगा."

पत्तेवालीनं डोळे मिटले.

"घेतलं," ती म्हणाली. "सगळं मागे घेतलं."