दुर्बीण धरणारी

दुर्बीण धरायला शिकवणं म्हणजे काय डोकेफोड असते, ते करिष्मा सिस्टरला विचारा. दवाखान्यात दुर्बिणीच्या ऑपरेशनचं मशीन आलं तेव्हापासून एकेक नर्स तिनंच घडवली. हात पक्का झाला रे झाला, की नागपूरच्या खाजगी दवाखान्याचा फोन येणार आणि पोरगी भुर्रकन उडणार! तिघी गेल्या. आता चौथी रूही, आरमोरीची.

आणि नेमके आताच करिष्माच्या पित्ताशयात खडे निघाले. नशिबानं थट्टा करावी तरी किती!

"आता लांबवता येणार नाही," मडावी डॉक्टरांनी साफ सांगितलं. "दुर्बिणीनं केलं तर लवकर उभ्या राहाल. पण तुमच्याशिवाय दुर्बीण धरणार कोण? त्यापेक्षा नागपूरला जा."

"मीच नागपूरले गेली तर इथल्या बाया कोणाच्या भरवशावर येतील, सर? रूही धरन."

म्हणाली खरी, पण रूहीचा हात अजून कच्चाच होता. एका खोक्याला भोक पाडून, आत मुगाचे दाणे टाकून तिनं रूहीला कामाला लावलं. टीव्हीच्या पडद्यावर दाणे नुसते नाचत होते.

"डावीकडचं पाह्यजे तर हात उजवीकडं ने! किती डाव सांगू तुले?"

"मले नाई जमत, ताई," रूही रडकुंडीला आली.

"काऊन नाई जमत? डॉक्टरचे डोये तुह्या हातात हायेत. तू हालली का तो आंधया झाला!"

बोलता बोलता कळ आली आणि करिष्मा पोट धरून खालीच बसली. रूही घाबरली. तिनं पाणी दिलं, आपले डोळे पुसले आणि मुकाट्यानं पुन्हा दुर्बीण उचलली.

ऑपरेशनच्या सकाळी करिष्मा टेबलावर आडवी झाली. कॅमेऱ्याचे रंग जुळवायला रूहीनं दुर्बीण पांढऱ्या गॉजवर धरली. करिष्मानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. गॉजचा धागा न् धागा दिसत होता. चित्र तसूभर हलत नव्हतं.

"जमलं ना, ताई?"

"जमलं व माय," करिष्मा म्हणाली. इतका पक्का हात इथं कधी टिकला होता? तिला राहवलं नाही. "नागपूरचा फोन आला काय तुले?"

पडद्यावरचं चित्र थरथरायला लागलं.

भुलीचा मास्क तोंडाशी आला होता. करिष्मानं तो हातानं जरा बाजूला सारला.

"जाजो, पोरी," ती म्हणाली. "आज मात्र हात हालू देऊ नोको."