‘निघणे’चा वर्तमानकाळ

निवृत्ती बोरस्तेने फ्रेंचची वही बायकोच्या, विमलच्या हातात कोंबली, भिंतीकडे तोंड करून हात मागे बांधले आणि म्हणायला सुरुवात केली. झ पार, त्यु पार, इल पार. इथवर गाडी नेहमीच सुरळीत यायची, कारण मी निघतो, तू निघतोस, तो निघतो, तिन्हींचा उच्चार एकच होता. अनेकवचनाचा ‘नू’ आला की ती अडायची. आजही तो ‘नू पार, नू पार’ करत तिथेच घुटमळला.

“नू पार्तों,” विमल म्हणाली. तिने वहीत पाहिलंही नव्हतं.

“मला येतंय. तू नुसती वही धर.”

वही धरायला मॅट्रिक पुरे, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने पाहुण्यांसमोरही सांगितलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात तो टूलरूमचा सुपरवायझर होता. कारखाना फ्रान्सहून नवी यंत्रं आणणार होता, आणि ती शिकायला चार माणसं वर्षभर तिकडे जाणार होती. त्यासाठी आठवड्यातून तीनदा, पाळी सुटल्यावर, कँटीनमध्ये फ्रेंचचा वर्ग भरायचा. निवृत्ती सगळ्यांत पुढे बसायचा, तोही टाय लावून. टाय दोनच दिवसांत नीट बांधता यायला लागला. ‘निघणे’ हे एकच क्रियापद मात्र त्याला दोन महिने पुरलं होतं.

विमल मनमाडच्या रेल्वेतल्या तिकीटबाबूची मुलगी. शाळेत संस्कृतला तिला शंभरांत ऐंशी पडले होते, त्यामुळे धातू चालवणं तिला नवं नव्हतं. नवऱ्यासाठी वही धरता धरता तिची तीस क्रियापदं तोंडपाठ झाली. एकदा ती सहज म्हणाली, की हे संस्कृतसारखंच आहे, फक्त द्विवचन नाही. निवृत्ती पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने ते विनोद म्हणून सांगितलं, ‘आमची मंडळी काय म्हणते ऐका.’ सर म्हणाले, अगदी बरोबर म्हणतात त्या. हा शेवट त्याने घरी आणला नाही. तो विमलला शेजारच्या कुसाबाईकडून कळला, कारण तिचा नवराही त्याच वर्गात होता.

कुसाबाईने आणखी एक सांगितलं होतं. बायकांनाही नेता येणार होतं, तिकीट कंपनीचं. कुसाबाईने लोकर आणून स्वेटर विणायलाही घेतला होता. निवृत्तीने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. विमलने शेजारच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक मागून आणून त्यात ही माणसं जाणार होती ते ल्यों शहर शोधलं होतं, दोन नद्यांच्या मध्ये. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. पण विचारायचं कसं, या विचारात आठवडा गेला होता, आणि आता वही हातात होती.

“अहो, ‘नू’ म्हणजे आम्ही की आपण?”

“म्हणजे?”

“आम्ही निघतो, की आपण निघतो?”

“फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच.” त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. “आणि इथं आम्ही. कंपनीची चार माणसं. त्यात तुझा काय संबंध?”

तिला वाईट वाटलं. असल्या माणसाच्या बोलण्याचं वाईट वाटतं, याचा तर अधिकच राग आला. तिने वही मिटून टेबलावर ठेवली आणि कुकर लावायला गेली.

ऑगस्टमध्ये परीक्षा आली. ज्याने त्याने तिकडच्या कचेरीला स्वतःच्या फ्रेंचमध्ये पत्र लिहायचं होतं: कधी निघणार, किती माणसं, खोल्या किती लागतील. ते सरांनी तपासायचं आणि तेच फ्रान्सला जायचं. सोमवारी सकाळी पत्र द्यायचं होतं. रविवारी निवृत्ती जेवण होताच टेबलाशी बसला. चार तासांत त्याने तारीख लिहिली आणि सात कागद फाडले. साडेपाचला त्याने आठवा कागद विमलसमोर सरकवला.

“तू लिही. मी सांगतो.”

टायपिस्टला मजकूर सांगावा तसा तो येरझाऱ्या घालत मराठीतून सांगू लागला. “आपण तीन सप्टेंबरला निघतो.”

पेन थांबलं. “आपण?”

“आपण दोघं. तुझंही तिकीट मिळतंय. तिथं काय बोलायचं ते तू मला घरातच सांगून ठेवायचं, बाहेर मी बोलेन. चारचौघांत तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं. आणि त्यांचं ते अळणी खाणं मला सोसायचं नाही.” मग उदार होऊन तो म्हणाला, “तुलाही हौस आहेच ना?”

इतके दिवस ती ज्या शब्दाची वाट बघत होती, तो शब्द आला होता. विमल खाली वाकून सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहू लागली. पाच ओळी झाल्या.

निवृत्तीने कागद घेतला आणि साहेबी थाटात ओळींखालून बोट फिरवलं. बोट पहिल्याच शब्दावर अडलं. बाकी काही न येवो, तेवढा शब्द त्याला वाचता येत होता.

“हे ‘झ’ कसं? इथं ‘नू’ पाहिजे ना?”

“चालवून बघा,” विमल म्हणाली.

त्याने चालवून पाहिलं. झ पार. त्यु पार. इल पार. पुढचं रूप आलं नाही. त्याने मान वर केली. विमल शांतपणे पेनाला टोपण लावत होती.

“एक माणूस, एक खोली, असं लिहिलंय,” ती म्हणाली. “नको असेल तर फाडा. तुम्ही लिहा दुसरं.”

त्याने खाली पाहिलं. फाडलेले सात कागद टेबलाखाली पडले होते. मग त्याने तिच्याकडे न बघता पेनासाठी हात पुढे केला आणि खाली सही केली. सही इंग्रजीत होती.