झेंडा कुणासाठी?

जुलैत इंगेरमावशीच्या समुद्रकाठच्या घरी सगळी भावंडं जमली की तारीख-वार कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्या सकाळी अंगणातल्या काठीवर झेंडा फडकताना पाहून बोडिल चक्रावली. डेन्मार्कात घरापुढे झेंडा चढला, म्हणजे घरात कुणाचातरी वाढदिवस. पण मेला कुणाचा? विचारायचीही सोय नव्हती. विसरली म्हणून वर्षभर टोमणे खावे लागले असते. तिने मुकाट्याने केक भाजला.

मेणबत्त्या पेटल्या, सगळे टाळ्या वाजवत गाऊ लागले, आणि नाव घ्यायची ओळ येताच एकजात सगळ्यांची तोंडं मिटली. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला.

"अगं बाई, केक कसला?" मावशी कपड्यांची टोपली घेऊन आली. "झेंडा धुतलाय मी, वाळायला लावलाय!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. बोडिलही डोळे पुसत नवऱ्याकडे वळली. स्वेन हसत नव्हता. सुट्टीवर असूनही आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो मेणबत्त्या विझवायला पुढे वाकला होता.