चार पुलांचं गाणं

कुर्नियासिहच्या पायाला दुपारपासून भिंगरी लागली होती. ओट्यापाशी जायची, कोबीच्या भज्यांचं पीठ एकदा ढवळायची, आणि पुन्हा येऊन मोबाइल उचलायची. तेल दोनदा तापलं आणि दोनदा तसंच गार झालं.

"अगं, त्या कढईत एकदाचं काहीतरी पडू दे," तिचा नवरा सोबारी पलंगावरून ओरडला. "चाळीस म्हातारे कोडी घालतात, आणि पोटात कावळे माझ्या ओरडतात!"

"ओरडू देत. सुरात ओरडतात का तेवढं बघा."

एरवी ती आणखी दोन टोले हाणती. आज तिचा जीव टांगणीला लागला होता.

बांडुंग शहरातल्या जुन्या कॅसेटवेड्यांचा हा मोबाइलवरचा गट. नाव ‘बी बाजू’. दर रविवारी दुपारी बाराला एकाने आडवळणाचं कोडं टाकायचं आणि संध्याकाळच्या अजानपर्यंत बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. इंटरनेटवर शोधायचं नाही, आणि उत्तरासोबत आपल्या घरच्या कॅसेटचा फोटो द्यायचा. खरं नाव कुणीच लावत नसे. कुर्नियासिह तिथे ‘पेन्सिल’ होती, कारण गुंतलेली टेप पेन्सिलीनेच गुंडाळतात. गट चालवायचे ते निवृत्त पोस्टमास्तर यायात; सगळे त्यांना आदराने ‘पाक’ म्हणत. त्यांचा लाडका नियम असा की ज्याचं कोडं खोटं निघेल तो गटातून कायमचा बाहेर. "पत्ता चुकला की पत्र परत," असं ते म्हणत. गेल्याच महिन्यात एकाला त्यांनी असं परत पाठवलं होतं.

आजचं कोडं ‘गंजका स्क्रू’ या गड्याचं होतं. गटात येऊन त्याला तीनच महिने झाले होते. कोडं असं: "चार पूल ओलांडले, घर दिसलं, आणि बासरीने दारातच अडवलं."

सगळ्यांना आधी घरी परतणाऱ्या माणसाचं ते जुनं गाणं आठवलं, आणि सगळ्यांनी ते लगेच खोडलं. त्या गाण्यात पूल पाच आहेत. बासरी येते ती पाचव्यानंतर.

"काय स्क्रूदादा, एक पूल पुरात वाहून गेला का?" दोदो नावाच्या टवाळाने लिहिलं.

"अजानपर्यंत उत्तर आलं नाही, तर कोडं खोटं धरलं जाईल," पाक यायातनी बजावलं.

कुर्नियासिहला उत्तर बारा वाजून दहा मिनिटांनीच कळलं होतं. चार पुलांची कॅसेट जगात एकच होती, आणि ती तिच्या कपाटात बिस्किटांच्या डब्याखाली पडली होती.

आईची आवडती कॅसेट. कुर्नियासिह तेरा वर्षांची असताना टेपरेकॉर्डरने ती गिळली. चुरगळलेला तुकडा तिने कात्रीने कापला आणि टोकं चिकटपट्टीने जोडली. त्या तुकड्यात पाचवा पूल गेला. "मी केलं," असं धाकट्या एन्तांगने आईला सांगितलं आणि खराट्याचे फटके खाल्ले. पुढे त्या घरात सगळे चारच पूल गायचे.

म्हणजे गंजका स्क्रू हा एन्तांग होता. तीन महिने ती आपल्याच भावाशी खिदळत होती आणि तिला गंधवार्ता नव्हती!

अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. आई पहाटे गेली तेव्हा सुराबायाहून निघालेली त्याची बस वाटेत होती. मातीला उशीर करू नये, असं मशिदीतले बुजुर्ग म्हणाले. "भाऊ येतोय, जरा थांबू या," एवढं एक वाक्य तिने बोलायला हवं होतं. ती गप्प राहिली. दुपारी मूठमाती झाली, आणि तासाभराने एन्तांग खांद्याला पिशवी लावून दारात उभा राहिला. "एक तास, तेतेह," थोरल्या बहिणीला तो एवढंच म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. फोनचा नंबरही त्याने बदलला.

आता इकडे आड, तिकडे विहीर. उत्तर दिलं तर आपण कोण ते त्याला कळणार, आणि तो गट सोडून जाणार. नाही दिलं तर पाक यायात त्याला काढणार. तिने चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेली, तशीच परत आली. सोबारीने एव्हाना स्वतःच भजी तळायला घेतली होती आणि पहिला घाणा करपवला होता.

पावणेसहाला तिने कपाट उघडलं. पेन्सिल घालून टेप फिरवली, पिवळी पडलेली चिकटपट्टी तोंडाशी येईपर्यंत. फोटो काढला आणि लिहिलं, "घरी परतण्याचं गाणं. आमच्या कॅसेटमध्ये पूल चारच आहेत. पाचवा मी कापला. मार मात्र भावाने खाल्ला."



आता फक्त कोडं घालणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं होतं. गंजक्या स्क्रूने फोटो पाहिल्याची खूण दिसली. पुढे काहीच नाही. अजान झाली.

"वेळ संपली," पाक यायातनी लिहिलं. "स्क्रूकडून होकार नाही. माझा नाइलाज आहे."

कुर्नियासिहने लगेच लिहिलं, "पाक, तासभर थांबा."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"माहीत आहे. रीत धरून मी एकदा थांबले नाही. त्याची बस वाटेत होती. आज मी थांबणार."

पाक यायातचं उत्तर आलं. "पुढच्या अजानपर्यंत."

सोबारीने करपलेल्या भज्यांची बशी तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसला. तिने एकही उचललं नाही. मोबाइलचा दिवा मालवला की ती बोटाने पुन्हा लावायची. तो तास तिला खायला उठला होता. त्याने हा तास अकरा वर्षं उराशी धरला, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि तिला रडू फुटलं.

अजानला दोन मिनिटं उरली असताना पडद्यावर अक्षरं उमटली. "बरोबर."

पाठोपाठ आणखी एक ओळ आली. "पाच आहेत हे मलाही ठाऊक होतं, तेतेह. पण आपल्या घरी चारच होते."

चाळीस जणांच्या देखत तिने लिहिलं, "जेवलास का, एन्तांग?"