गूळ खाणारी देवी

दीनानाथांना यात मिळणार काय होतं? पहिल्या रांगेतली खुर्ची, एक शाल आणि माईकवरून ‘आपले शास्त्रज्ञ’ असा उल्लेख. सायट्रिक ॲसिडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना ‘दूध आणा’ याखेरीज कुणी काही म्हणालं नव्हतं. त्या मानानं सौदा बरा होता.

शनिवार पेठेतल्या मंगल कार्यालयात मधुबुवांच्या सत्संगाला पाय ठेवायला जागा नव्हती. गुळाच्या पाण्याच्या घागरीत बुवांनी चिमूटभर काळं भस्म टाकलं, त्याला आठवडा झाला होता. आज घागरीच्या तोंडाचं फडकं सुटलं. पाण्यावर मखमलीसारखी काळी साय! बुवांनी माईक घेतला.

“काळी माय आली! गूळ खाल्ला तिनं! घागरीतली साखर खाते, ती तुमच्या रक्तातली सोडेल? सुया फेका, तीर्थ घ्या! शास्त्रज्ञसाहेब, तपासा!”

मधुमेहाचे रोगी घरी लघवी तपासतात, ते निळं औषध दीनानाथांनी काढलं आणि घागरीतलं थोडं पाणी घालून तापवलं. मागच्या आठवड्यात याच घागरीतल्या पाण्यानं ते विटकरी झालं होतं. आज निळंच राहिलं.

“साखर नाही,” ते माईकवर म्हणाले.

खोटं काहीच बोलले नाहीत. साय दिसताक्षणी त्यांनी बुरशी ओळखली होती. जन्मभर तिच्याच जिवावर पगार घेतला होता. पण तेवढं सांगायचं तर खुर्ची सोडावी लागली असती. मागे त्यांची थोरली बहीण सरोजिनीताई कौतुकानं टाळ्या वाजवत होती.

महिन्याभरानं ताई हॉस्पिटलात. पायाची जखम काळी पडलेली.

“इन्शुलिन कधी बंद केलंस?”

“तूच नाही का म्हणालास दीनू, साखर नाही म्हणून?”

“मी घागरीबद्दल म्हणालो, ताई.”

“अरे, मग तसं म्हणायचंस की.”

पुढच्या सत्संगाला दीनानाथ दोन्ही हातांत पातेलं धरून आले. आत गुळाचं पाणी, वर तशीच काळी मखमल.

“यात कुणाचं भस्म?” हिंदुरावांनी विचारलं. हे मार्केट यार्डातले गुळाचे आडते. घागरीतला गूळ त्यांचाच.

“कांद्याच्या सालीवरचं काळं. तुमच्या शेजारच्या गाळ्यात हवं तेवढं मिळेल. ही बुरशी साखर खाते आणि आंबट ॲसिड सोडते. कारखान्यात आम्ही तेच काढून सरबतवाल्यांना विकायचो. ते आंबट पाणी पिऊन रक्तातली साखर उतरत नाही.”

“नास्तिकाच्या घरी देवी येत नसते!” बुवा गरजले.

“आली की. मोरीत ठेवलं होतं, तरी आली.”

हशा पिकला. हिंदुराव मात्र हसले नाहीत. “साहेब, हे त्या दिवशी का नाय बोललात?”

दीनानाथांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. “खुर्ची मऊ होती. हात जोडतो, सुया आजच सुरू करा. आणि माझ्यासारखा कुणी ‘तपासलं’ म्हणाला, तर विचारा, कशातलं तपासलं?”

मधुबुवांनी गाव बदललं. त्यांची एक घागर गेली. दीनानाथांची शाल गेली, खुर्चीही गेली. आणि ताईचा पाय, गुडघ्यापासून.