कॅप्टन नादिर मागे का राहिला

शाकिरकाकांनी चहाचा ट्रे बाजूला सरकवला आणि कादंबरी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"चहा नंतर. आधी सांग, नादिर मागे का राहिला?"

हातिमने उचललेला कप तसाच खाली ठेवला. अलेक्झांड्रियातल्या त्या गॅलरीत तो काकांच्या मुलीला, नहलाला मागणी घालायला आला होता. आईवडिलांना नंतर आण, आधी ही कादंबरी वाचून एकटा ये, असा काकांचा निरोप होता. सारी हयात सैन्याच्या बिनतारी खात्यात काढून काका आता अंतराळातल्या लढायांच्या कादंबऱ्यांत रमले होते.

पंच म्हणून बसलेले शेजारचे वदीअकाका हातिमच्या कानाशी वाकले, पण आवाज गल्लीभर जाईल असा.

"पोरा, चहा म्हणजे नुसतं 'बघू'. लाल सरबत आलं, तर समज मुलगी दिली. मागच्या मुलाला दुसरा कपसुद्धा मिळाला नाही!"

"मिळेल कसा? म्हणे, नादिर पगारासाठी राहिला!" काका उसळले. "चंद्रावरची चौकी, शत्रूची यानं डोक्यावर, माघारीचा हुकूम आलेला. सगळे निघाले, हा एकटा राहिला. पगारासाठी?"

"मेडलसाठी," वदीअकाका म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"कर्तव्य म्हणतात त्याला, कर्तव्य!"

"हुकूम मोडून कसलं रे कर्तव्य?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. हातिमने तिकडे एकदा पाहिलं.

"काका, रागावू नका. मला वाटतं, तो घाबरला होता."

"कोण, नादिर?"

"शत्रूला नाही, घराला. बाकीच्यांना घरून निरोप येतात, त्याला कधीच नाही. बायको गेलेली, मुलगी दूरच्या ग्रहावर नांदायला गेलेली. चौकीवर निदान वाद घालायला माणसं होती, तीही आता आपापल्या घरी निघालेली. परत जाऊन कुलूप उघडायचं कुणासाठी?"

समुद्रावरून वारा आला. दोरीवर काकांचे दोन सदरे आणि नहलाचा निळा रुमाल, एकाच लयीत हलले. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मुलीने बोलवायचं होतं त्याला," वदीअकाका हळूच म्हणाले.

"बोलावलं असेल. म्हातारा बिनतारी बंद करून बसला असेल." हातिमने जीभ चावली, पण थांबला नाही. "पोर्ट सईदला माझं घर लहान आहे, काका. पण गॅलरी आहे. आणि वादाला मी कधी नाही म्हणत नाही."

काकांनी चष्मा चढवला.

"तुझं म्हणणं साफ चूक आहे," ते गुरगुरले. "पुढच्या शुक्रवारी पटवून देतो. येताना आईवडिलांना घेऊन ये." मग मान वळवून त्यांनी हाक मारली, "नहला! चहा निवलाय, घेऊन जा. आणि सरबत कर!"

हाक पुरी व्हायच्या आत दार उघडलं. नहलाच्या हातातल्या ट्रेमध्ये लाल ग्लास किणकिणत होते. काकांनी एक उचलला. बोटं गारठली, काचेवर दव जमलं होतं.

"आत्ता केलंस हे?"

नहला समुद्राकडे बघत राहिली.

"सकाळीच केलंय," वदीअकाका म्हणाले. "बर्फ माझ्याकडून नेला."

"आणि तू पंच!"

वदीअकाकांनी मेडल मिळाल्यासारखा ग्लास उंच धरला.